होमस्कूलिंगचा फॉर्म कुठे मिळतो? आमच्या अनुभवातून सगळी कागदपत्रं आणि प्रोसेस

आमची लेक तिसरीनंतर शाळेत गेली नाही, घरीच शिकते, म्हणजे होमस्कूलिंग, आता ती चौदाची होतेय आणि दहावीचा फॉर्म भरायची वेळ आली, त्यामुळे परत एकदा सगळी फाईल बाहेर काढली. ती काढता काढता वाटलं की जे आम्हाला पाच वर्षांपूर्वी कुणी नीट सांगितलं नव्हतं ते एका जागी लिहून ठेवावं, कारण आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी आई किंवा बाबा विचारतातच की ताई, परवानगी कुठून काढली, अर्ज कुठे केला.

तर पहिलं उत्तर हे की असा अर्जच नाही. आपल्याकडे होमस्कूलिंगसाठी वेगळा कायदा नाही, रजिस्ट्रेशन नाही आणि परवानगीचं पत्रही कुठलं ऑफिस देत नाही. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 पासून, तो 6 ते 14 वयाच्या मुलांसाठी आहे आणि त्यातली बहुतेक कलमं सरकारवर आणि शाळेवर जबाबदारी टाकतात. कलम 10 मध्ये पालकांनी मुलाला शाळेत घालावं असं कर्तव्य लिहिलंय, पण न घातलं तर पालकांना दंड किंवा शिक्षा असं त्या कायद्यात काही नाही. म्हणजे स्पष्ट बंदी नाही आणि स्पष्ट मान्यताही नाही. ज्यांना पक्कं सरकारी पत्र हातात असल्याशिवाय झोप लागणार नाही त्यांनी हा विचार आधीच करावा, हे मी अगदी मनापासून सांगतेय. (आणि परदेशात जायचं चाललं असेल तर तिथला कायदा आधी बघा, जर्मनीत शाळेत जाणं सक्तीचं आहे, तिथे हे चालत नाही.)

खरे अर्ज पुढे येतात, दहावीला. त्यामुळे होमस्कूलिंगची सगळी प्रोसेस म्हणजे दहावीच्या त्या अर्जाला लागणारे कागद आत्तापासून बरोबर ठेवणं, असंच धरून चला.

करायचं की नाही हे कसं ठरवायचं? शाळेवर राग आलाय, एखाद्या मॅडम फार ओरडतात, फी वाढली, एवढ्यावर काढू नका, आधी शाळा बदलून बघा. आमच्याकडे मुलीला रोज सकाळी पोटात दुखायचं, डॉक्टर म्हणाले पोटात काही नाही, शाळा बदलली तरी तेच, तेव्हा विचार सुरू झाला. मग मे महिन्याची सुट्टी आणि जूनचे पहिले दोन आठवडे घरीच करून बघितलं, रोज काय शिकली ते वहीत तारीख टाकून लिहिलं. सासूबाईंना आधी अजिबात पटलं नव्हतं, लोक काय म्हणतील हे होतंच, पण पोरीचं पोट दुखायचं थांबलं ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं आणि पाढे त्याच घ्यायला लागल्या. घरात दिवसभर एक मोठं माणूस लागतं, हे लपवून काही उपयोग नाही. दोघंही नोकरीला आणि आजी-आजोबा गावी असतील तर जमत नाही असं नाही पण खूप ओढाताण होते. आणि मुलाला विचारा. त्याला मित्रांसाठी शाळा हवी असेल तर त्याचं ऐका.

आता दाखला. शाळेत नाव असेल तर शाळा सोडल्याचा दाखला म्हणजे एलसी काढायचा, मुख्याध्यापकांच्या नावाने साधा अर्ज, कारण म्हणून आम्ही 'घरी शिक्षण देणार' असं सरळ लिहिलं होतं. काहीजण सांगतात की दुसऱ्या शाळेत घालतोय असं लिहा, पण खोटं कशाला, पुढे तेच अडचणीचं होतं. आमचा दाखला अडीच महिने लटकला, आज सर नाहीत उद्या क्लार्क नाही, आणि वर्षाची उरलेली फी भरा मगच देतो असं तोंडी सांगितलं. शेवटी लेखी अर्ज दिला, पोच घेतली, त्यात शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 5 चा उल्लेख केला (मूल दुसऱ्या शाळेत जात असेल तर मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यावा, उशीर केला तर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते असं त्यात आहे, आमची केस तंतोतंत ती नव्हती पण दाखला अडवून ठेवता येत नाही हा मुद्दा पोचला) आणि चार दिवसांत दाखला मिळाला. तोंडी बोलून काही होत नाही, पोच हवीच.

दाखला हातात घ्यायच्या आधी, म्हणजे छापायच्या आधीच, शाळेच्या जनरल रजिस्टरमधली नोंद बघायला मागा. नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, आडनाव, जन्मतारीख, जन्मगाव, जात. आपल्याकडे इथेच सगळं घोळ होतो, कारण शाळेत आडनाव आधी लिहितात, आधारवर नाव आधी असतं, जन्मदाखल्यावर कधीकधी फक्त 'मुलगी' एवढंच असतं, आणि इंग्रजी स्पेलिंग तिन्हीकडे तीन. दाखला बाहेर पडला की दुरुस्तीसाठी शिक्षणाधिकाऱ्यांच्या ऑफिसपर्यंत हेलपाटे. जन्मदाखल्यावर नाव घालायचं राहिलं असेल तर जन्मनोंदणीपासून 15 वर्षांच्या आत घालता येतं, महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत, ते दहावीच्या फॉर्मची वाट न बघता आत्ता करून टाका. मी तर म्हणेन होमस्कूलिंगचा पहिला धडा म्हणजे जन्मदाखला, आधार आणि एलसी शेजारी शेजारी ठेवून एकेक अक्षर जुळवणं. जातीच्या दाखल्याला पुढे एलसी मागतात, म्हणून ज्यांचं मूल कधीच शाळेत गेलं नाही त्यांनी वडिलांचा, आजोबांचा, आत्याचा असा घरातला जुना शाळेचा दाखला शोधून जपून ठेवा.

अजून एक, शाळेकडून मुलाचा पेन नंबर लिहून घ्या, तो युडायसच्या, म्हणजे शाळांची आणि मुलांची माहिती ठेवणाऱ्या सरकारी ऑनलाईन सिस्टीममधला मुलाचा कायमचा नंबर असतो, परत शाळेत घालायचं झालं तर लागतो. प्रगतीपुस्तकं, बोनाफाईड, सगळ्याची मूळ प्रत आणि झेरॉक्स वेगवेगळ्या फाईलला.

नाव कमी झालं की मूल शाळाबाह्य म्हणून दिसू शकतं. आमच्याकडे सर्वेक्षणाला एक शिक्षिका आल्या होत्या, त्यांना बसवलं, चहा दिला, वह्या, वेळापत्रक, पुस्तकं दाखवली, लेक स्वतः त्यांच्याशी बोलली, त्यांनी नोंद केली आणि गेल्या. त्यांच्यावर चिडू नका हो. वीटभट्टीवरची, ऊसतोडीची पोरं शाळेपर्यंत यावीत म्हणून ती माणसं उन्हातान्हात दारोदार फिरतात, त्यांचं काम फार मोलाचं आहे, आणि आपलं मूल खरंच शिकतंय हे दाखवायला आपल्याला दहा मिनिटं लागतात. रोजची वही त्यासाठीच ठेवायची.

आणि नाही जमलं तर? परत शाळेत घालता येतं. शिक्षण हक्क कायद्याच्याच कलम 4 नुसार मुलाला वयाप्रमाणे वर्ग मिळतो, कलम 14 नुसार वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. सरकारी किंवा झेडपीच्या शाळेत हे सोपं जातं, खासगीत जागा आणि फीचा प्रश्न येतो. दार बंद होत नाही एवढं लक्षात असलं की निर्णय घ्यायला धीर येतो.

आता परीक्षा. सगळ्यात जास्त होमस्कूलवाले एनआयओएसला जातात, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्था. 1989 मध्ये सुरू झालेलं केंद्र सरकारचं बोर्ड आहे, सर्टिफिकेट सीबीएसई किंवा आपल्या एसएससीसारखंच चालतं. दहावीसाठी वय किमान 14 पूर्ण, बारावीसाठी 15. आठवीचा दाखला नसला तरी चालतं, दहावीचा अभ्यास झेपेल इतकं शिकलोय असं स्वतःचं लेखी निवेदन द्यायचं असतं, आणि हीच गोष्ट आपल्यासारख्यांसाठी सगळ्यात मोठी. फॉर्म ऑनलाईन, त्यांच्या साईटवर आपला आपणच भरायचा, त्यासाठी फोटो, सही, आधार, जन्मतारखेचा पुरावा, पत्त्याचा पुरावा स्कॅन करून. फी विषयांप्रमाणे, मुलींना आणि राखीव गटांना सवलत असते, परीक्षेची फी वेगळी, आकडे बदलत राहतात म्हणून त्या वर्षीचं माहितीपत्रक डाऊनलोड करून वाचा.

किमान पाच विषय, त्यात निदान एक भाषा हवी. मराठी हा विषय आहे. पास व्हायला 33 टक्के, वर्षातून दोनदा परीक्षा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर, आणि रजिस्ट्रेशन पाच वर्षं चालतं म्हणून एका वेळी दोन विषय, पुढच्या खेपेला तीन असं सुटंसुटं देता येतं. घरून लिहून द्यायच्या असाइनमेंटला, म्हणजे टीएमएला, 20 टक्के वजन असतं, ते बरेचजण विसरतात आणि मार्क घालवतात. टीएमए, प्रॅक्टिकल आणि मार्गदर्शनाचे तास हे जे अभ्यास केंद्र निवडता तिथे, त्यामुळे घराजवळचं आणि महाराष्ट्रातलंच निवडा, कारण पुढे इथल्या प्रोफेशनल कोर्सेसच्या प्रवेशात दहावी-बारावी राज्यातून केली का हे बघतात.

विषय निवडताना घाई करू नका. एनआयओएसला गणित न घेताही दहावी होते, मुलं खूश होतात, पण पुढे अकरावी सायन्स किंवा पॉलिटेक्निक म्हटलं की गणित आणि विज्ञान मागतात. आमच्या लेकीला चित्रकला आणि होम सायन्स हवं होतं, ते घेतलं पण गणित-विज्ञानही ठेवलं, बोलून समजावून, जबरदस्ती न करता. दहावी आणि बारावीत दोन वर्षांचं अंतर लागतं हेही धरून प्लॅन करा.

एनआयओएस नको असेल तर महाराष्ट्राचं स्वतःचं राज्य मुक्त विद्यालय मंडळ आहे, पुणे बोर्डाच्या अखत्यारीतलंच, तिथे पाचवी (वय 10 पूर्ण), आठवी (13 पूर्ण) अशा परीक्षाही देता येतात, मध्येच एखादा सरकारी शिक्का हवा असेल त्यांना बरं. आणि एसएससीच द्यायची असेल तर 17 नंबर फॉर्म, खासगी विद्यार्थी म्हणून, पण तिथे किमान पाचवी पास आणि मूळ एलसी मागतात, म्हणून कधीच शाळेत न गेलेल्यांना ते अवघड. केंब्रिजचं आयजीसीएसई, म्हणजे दहावीच्या पातळीची आंतरराष्ट्रीय परीक्षा, तीसुद्धा खासगीरीत्या देता येते, खर्च खूप आहे.

'घरबसल्या हमखास पास' अशा जाहिरातवाल्यांकडे जाऊ नका. एनआयओएसला एजंट लागत नाही. नावातच बोर्ड असलेल्या काही संस्थांची सर्टिफिकेटं नंतर कुठेच चालत नाहीत आणि तोवर मुलाची दोन वर्षं गेलेली असतात, एका ओळखीच्या मुलाचं झालंय, त्याच्या आईचा चेहरा मला अजून आठवतो. बोर्ड कोब्सेच्या, म्हणजे देशातल्या शालेय बोर्डांच्या परिषदेच्या, यादीत आहे का एवढं तरी बघा.

निकालानंतर मार्कशीटबरोबर एनआयओएस मायग्रेशन-कम-ट्रान्सफर सर्टिफिकेट देतं. अकरावीला कॉलेजवाले एलसी मागतात तेव्हा हेच द्यायचं असतं. खिडकीवरच्या माणसाला कधीकधी ते माहीत नसतं, शांतपणे दाखवा, गरज पडली तर प्राचार्यांना भेटा, आणि मूळ प्रत जमा करायच्या आधी चार झेरॉक्स काढून एक साक्षांकित करून ठेवा.