ॲलन फील्डहाऊस: पोलाद, माती आणि दोन कागद

अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाचं ॲलन फील्डहाऊस, म्हणजे छपराखालचं क्रीडागृह, ही कॉलेज बास्केटबॉलची पंढरी. लॉरेन्स गावातली ही चुनखडी दगडाची भव्य वास्तू उभी राहिली, त्याला एक युद्ध आडवं आलं होतं.

त्याआधी विद्यापीठाचे सामने होक सभागृहात होत. साधारण साडेतीन हजार माणसं मावायची. दुसऱ्या महायुद्धानंतर विद्यार्थी वाढले, मोठ्या जागेची मागणी झाली. तेवढ्यात कोरियन युद्ध सुरू झालं आणि पोलाद मिळेनासं झालं. विद्यापीठाने मग आराखड्यात बंदुका ठेवायच्या खोल्या घातल्या. इमारत कागदोपत्री शस्त्रागार ठरली आणि पोलादाची वाट मोकळी झाली. मला या साऱ्या इतिहासात हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते, कारण एकाच छपराखाली अनेक कामं करायची सवय या वास्तूला पायापासूनच लागली.

सुरुवातीला आत जमीन मातीची होती. मधोमध उंचावर बसवलेलं लाकडी कोर्ट आणि भोवती धावपट्टी. बाहेर कडाक्याची थंडी असली की धावपटू इथेच सराव करत. सामन्याच्या दिवशी त्याच मातीच्या कडेने सतरा हजार प्रेक्षक बसत.

1 मार्च 1955 रोजी कॅन्सस स्टेट या दुसऱ्या विद्यापीठाविरुद्धच्या सामन्याने उद्घाटन झालं आणि यजमान 77-67 असे जिंकले. नाव दिलं ते प्रशिक्षक फॉरेस्ट ‘फॉग’ ॲलन यांचं, तेही ते संघ सांभाळत असतानाच. पुढच्याच वर्षी, वयाची सत्तरी गाठल्यावर, नियमाप्रमाणे त्यांना निवृत्त व्हावं लागलं. पुढे बास्केटबॉलचा महान खेळाडू ठरलेल्या विल्ट चेंबरलेनला कॅन्ससला आणलं त्यांनी, पण मुख्य संघात त्याला खेळवायचं राहून गेलं. डिसेंबर 1956 मध्ये नॉर्थवेस्टर्नविरुद्ध पहिल्याच सामन्यात चेंबरलेनने 52 गुण केले, तेव्हा संघ दुसऱ्याच्या हाती होता. त्या म्हाताऱ्या गुरूसाठी आजही जीव हळहळतो.

मार्च 1968 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार रॉबर्ट केनेडी इथे बोलले. राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकड्यात सगळं मोजलं जातं, फक्त जगणं सार्थ करणाऱ्या गोष्टी तेवढ्या सुटतात, असं त्यांनी सांगितलं. अर्थशास्त्राचे अभ्यासक ते भाषण अजून उद्धृत करतात. अवघ्या अडीच महिन्यांत त्यांची हत्या झाली.

ॲलन यांचे गुरू जेम्स नेस्मिथ. बास्केटबॉल त्यांनीच शोधला, 1898 मध्ये ते कॅन्ससला आले आणि विद्यापीठाचे पहिले प्रशिक्षक झाले. विद्यापीठाच्या प्रशिक्षकांत पराभव विजयांपेक्षा जास्त असलेले तेवढे एकटेच: 55 विजय, 60 पराभव. इथल्या कोर्टाला त्यांचं नाव आहे, समोरच्या रस्त्यालाही. 1891 मध्ये त्यांनी टाइप करून घेतलेले मूळ 13 नियम एका माजी विद्यार्थ्याने 2010 मध्ये लिलावात 43 लाख डॉलरना घेतले. दोन पिवळट पडलेले कागद. ते आता फील्डहाऊसला लागूनच असलेल्या इमारतीत काचेआड ठेवले आहेत.