चहाच्या ट्रेवर शू करणारं पोर

मुठीत मावेल एवढं मातीचं पोर. गुळगुळीत टक्कल, सुटलेलं पोट आणि पुढे, जिथे असायला हवं तिथेच, सुईनं टोचल्यासारखं एक भोक. टकलावर कढत पाणी ओतलं की पोर लांबवर धार सोडतं. पाहुणे हसतात, यजमान खुशीत पुन्हा पाणी ओततो.

चीनमध्ये चहाच्या ट्रेवर बसणाऱ्या असल्या मंडळींना 'छा-छोंग' म्हणतात, म्हणजे चहाचे पाळीव प्राणी. तोंडात नाणं धरलेला तीन पायांचा बेडूक, डुक्कर, ढेरपोट्या हसरा बुद्ध असे बरेच जण असतात. पाळीव अशासाठी की त्यांना रोज चहा पाजायचा. तिथे चहाच्या पानांवरून फिरवलेलं पहिलं पाणी बहुधा कुणी पीत नाही. ते आणि किटलीतला उरलासुरला चहा या प्राण्यांच्या अंगावर जातो.

माझं पोर पहिल्या दिवशी ढिम्म होतं. कोरडंच ट्रेवर ठेवून मी पाणी ओतलं आणि भोकातून नुसती हवा फुस्स झाली. आधी त्याला पाणी पाजावं लागतं हे नंतर कळलं. पोकळ पोर गरम पाण्यात बुडवायचं, आतली हवा फुगून बुडबुडे निघतात. मग लगेच गार पाण्यात टाकायचं. उरलेली हवा आकसते आणि भोकातून पाणी आत खेचलं जातं.

आता थोडं गणित. पोटात २० मिलिलिटर हवा आहे आणि ती २७ अंश सेल्सियसवरून ५७ अंशांवर गेली असं धरू. केल्विनमध्ये हे ३०० वरून ३३०, म्हणजे हवा एक दशांशानं फुगणार आणि २ मिलिलिटर पाणी बाहेर ढकलणार. भोक बारीक, त्यामुळे एवढ्याशा पाण्याचीही धार होते. भोक मोठं असेल तर नुसतं ठिबकतं. पोट काठोकाठ भरलं तरी फजिती, कारण तेवढ्याच तापण्यानं पाणी जेमतेम एक टक्का फुगतं. जोर सगळा हवेचा. म्हणून अर्धं पोट रिकामंच हवं.

पाणी जितकं कढत, तितकी धार लांब. अमेरिकेतल्या आयोवा स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये याचा रीतसर अभ्यास छापला. पाणी चहाला पुरेसं तापलंय का, हे हे पोर सांगू शकतं, असा त्यांचा मुद्दा. हवेच्या फुगण्यावरून तापमान ओळखायचं हेच तत्त्व गॅलिलिओच्या नावाशी जोडलेल्या थर्मोस्कोपमध्येही आहे. तिथे काचेची नळी लागते, इथे पोराला फक्त शू लागते.

घ्यायचं तर कसलं घ्यावं? उत्तम माती जियांग्सू प्रांतातल्या यीशिंगची, 'झिशा' म्हणजे जांभळी वाळू. लोहयुक्त आणि भाजल्यावर जांभळट, लाल किंवा पिवळसर होणारी. ती साधारण ११०० ते १२०० अंशांना भाजतात. त्यामुळे आपल्या माठासारखी ती पाझरत नाही, पण बारीक छिद्रं शिल्लक राहतात. वर झिलई नसते, आणि हे महत्त्वाचं, कारण चहाला आत शिरायला वाट हवी. कोरड्या अंगावर पाण्याचा थेंब ठेवून बघा. मोत्यासारखा तसाच बसून राहिला तर झिलई किंवा प्लास्टिक समजा, हळूहळू पसरून मुरला तर माती. गरम पाणी ओतल्यावर रंगाचा वास आला तर सरळ परत करा.

गरम पाण्यानं काळ्याचा सोनेरी होणारा बेडूकही मिळतो. तो बहुतेक वेळा रेझिनचा असतो. त्याच्या रंगात मेणासारखा एक पदार्थ असतो. तो वितळला की रंगाचे घटक एकमेकांपासून सुटतात, काळेपणा जातो आणि खालचा सोनेरी दिसतो. गंमत आहे, पण उन्हात हा रंग लवकर विटतो आणि चहा पिऊन त्याच्या अंगावर काही चढत नाही. मला तरी त्याला पाळीव म्हणवत नाही.

मातीच्या प्राण्यावर मात्र चढतं. चहातली पॉलिफेनॉलं हवेशी संयोग पावून तपकिरी होतात. कपाच्या कडेला बसणारा डाग तोच. कपावर आपण तो घासून काढतो, इथे महिनोन्‌महिने मुरवतो. एका प्राण्याला शक्यतो एकाच जातीचा चहा द्यावा. गडद चहानं रंग लवकर चढतो, ग्रीन टीनं फार सावकाश. ओतताना प्राणी फिरवत राहा, नाहीतर ओघळांचे पट्टे उमटतात. मऊ ब्रशनं चहा सगळीकडे पोचवा. साबण अजिबात नको, छिद्रांत शिरला की वास जाता जात नाही. आणि आपला दुधाचा चहा चुकूनही ओतू नका. दुधातलं स्निग्ध आणि प्रथिनं छिद्रांत बसून आंबतात, दोन दिवसांत नाक धरावं लागतं.

रात्रभर चहाच्या डबक्यात ठेवलं तर बुरशी येते. शेवटी साधं गरम पाणी ओतायचं, पोटातलं पाणी झटकायचं आणि वाऱ्यावर सुकवायचं. पावसाळ्यात हे जास्तच सांभाळावं लागतं.

माझ्या पोराचं टक्कल आता काळसर तुकतुकीत झालंय. बुडाशी मात्र अजून दुकानातलाच जांभळट रंग आहे, तिथवर चहा पोचतच नाही.