रेषेवरचा शब्द

महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात तो जेमतेम ५०० मिलिमीटरच्या आसपास. असं का? सातवीच्या वर्गात विचारा, उत्तर तयार असतं: 'सह्याद्री ढग अडवतो.' गुण मिळतात, तासिका संपते. मुलाच्या डोक्यात मात्र डोंगर म्हणजे कंपाउंडची भिंत आणि ढग म्हणजे तिच्यावर आपटणारी कापसाची गाठोडी. हा गोंधळ लेखी उत्तरात सहसा पकडता येत नाही. संकल्पना नकाशात, म्हणजे संकल्पना चौकटींत लिहून रेषांनी जोडलेल्या आराखड्यात, येतो, तोही रेषेवरच्या एका शब्दावरून.

हे साधन शिक्षणतज्ज्ञ जोसेफ नोवाक यांच्या गटाने १९७२ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात घडवलं, आणि तेही शिकवण्यासाठी नव्हे. पहिली-दुसरीतल्या १९१ मुलांना त्यांनी ध्वनिफितींच्या आधारे विज्ञानाचे २८ पाठ दिले होते. पुढे बारा वर्षं या मुलांची समज कशी बदलते, हे मुलाखतींतून तपासायचं होतं. मुलाखतींच्या कागदांचे ढीग साचले आणि त्यांतून बदल नेमका कुठे झाला, तेच दिसेना. मग मुलाच्या बोलण्यातल्या संकल्पना चौकटींत लिहायच्या, त्या रेषांनी जोडायच्या आणि प्रत्येक रेषेवर संबंध सांगणारा शब्द लिहायचा, अशी युक्ती निघाली. आधार होता मानसशास्त्रज्ञ डेव्हिड ऑसुबेल यांच्या मांडणीचा: नवं ज्ञान टिकतं ते आधीच्या ज्ञानाला अडकवलं तरच. संशोधकांचं हे हत्यार नोवाक यांनी पुढे विद्यार्थ्यांच्याच हाती दिलं. फ्लोरिडातल्या एका संशोधन संस्थेबरोबर त्याचं मोफत सॉफ्टवेअरही निघालं, सीमॅपटूल्स. आपल्याकडे खडू आणि फरशी पुरते.

माइंड मॅप वेगळा. त्यात मधल्या विषयातून फांद्या फुटतात, पण फांदी का फुटली हे लिहावं लागत नाही. इथे तेवढीच गोष्ट सक्तीची.

सामान म्हणजे जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूचे साधारण ५ बाय ८ सेंटिमीटरचे तुकडे, खडू आणि शेवटी एक चार्ट पेपर. गट चौघांचा, सहा झाले की दोघं खिडकीबाहेर बघतात. फळ्यावर विषय नको, प्रश्न लिहा. 'पाऊस' असं लिहिलं तर मुलं पावसाबद्दल जे आठवेल ते ओततात. 'महाबळेश्वर ओलं, माण कोरडं, असं का?' म्हटलं की निवड करावी लागते. मग १२ चिठ्ठ्या: अरबी समुद्र, बाष्प, मोसमी वारे, सह्याद्री, हवा, उंची, तापमान, ढग, पाऊस, महाबळेश्वर, माण, पर्जन्यछाया. नोवाक १५ ते २५ संकल्पना सुचवतात. पहिल्या खेपेला १२ पुष्कळ. एका चिठ्ठीवर एकच नाम. चौकटीत अख्खं वाक्य घुसलं की रेषेला कामच उरत नाही.

चिठ्ठ्या फरशीवर मांडायला दहा मिनिटं, बाणासह रेषा आणि त्यांवरचे संबंध सांगणारे जोडशब्द लिहायला पंधरा. चिकटवायचं शेवटी, डिंक आधी लागला की मुलं मांडणी बदलायला धजत नाहीत.

मराठीत एक अडचण हमखास येते. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी असतं, त्यामुळे 'वारे – आणतात – बाष्प' असं मधोमध क्रियापद आलं की मुलं अडखळतात. उपाय सोपा आहे: क्रम नकाशाचा राहू द्या, पण बाणाच्या दिशेने बोट फिरवत पूर्ण वाक्य आपल्या बोलीत म्हणायला लावा. 'मोसमी वारे बाष्प घेऊन येतात.' विभक्तीचे प्रत्यय रेषेवर लिहायला हरकत नाही. 'उंची – वाढली की घटतं – तापमान' हे तर जसंच्या तसं जमतं.

आता 'सह्याद्री' आणि 'ढग' यांच्यातली रेषा बघा. तिथे 'अडवतो' दिसलं की खोडू नका, विचारा: ढग नुसता अडला, तर मग पाऊस का पडला? इथून खरा धडा सुरू होतो. डोंगर ढग अडवत नाही, वाऱ्याने आलेल्या हवेला वर चढायला लावतो. वर दाब कमी, म्हणून हवा पसरते आणि थंड होते: कोरडी असेल तर दर १००० मीटरला सुमारे १० अंश सेल्सिअसने, ढग धरू लागली की जरा कमी वेगाने. बाष्पाचे थेंब होतात, बरसतात. पूर्वेला उतरताना हवा दाबली जाते, तापते आणि उरलेसुरले थेंबही विरतात. म्हणजे 'सह्याद्री' आणि 'ढग' यांत थेट रेषा नकोच. मध्ये 'हवा', 'उंची', 'तापमान' हव्यात.

नोवाक यांच्या पद्धतीत प्रत्येक बरोबर जोडणीला १ गुण आणि नकाशाच्या दोन भागांना सांधणाऱ्या आडव्या जोडणीला १०. चाळीसच्या वर्गात हा हिशेब कोण करणार? नुसते जोडशब्द वाचले तरी भागतं. फळ्यावरचा तयार नकाशा उतरवून घेण्यात मात्र काहीच हाशील नाही.

पुस्तक उघडं ठेवून काढलेल्या नकाशाचीही तीच गत. कार्पिके आणि ब्लंट या संशोधकांच्या २०११ मधल्या प्रयोगात उताऱ्यात बघून नकाशे काढणाऱ्यांपेक्षा वाचून, मिटून, आठवून लिहिणाऱ्यांना आठवड्याने जास्त आलं. म्हणून आठ दिवसांनी त्याच चिठ्ठ्या द्या, पुस्तकं दप्तरात ठेवून. एखाद्या गटात 'अडवतो' पुन्हा उगवतोच. तेव्हा त्यांचाच पहिला चार्ट शेजारी ठेवा आणि वेगळ्या पडलेल्या रेषा त्यांनाच शोधू द्या.