एकट्याने केलेले संशोधन आणि स्वतंत्र संशोधन

पीएच.डी. करताना स्वतंत्र संशोधक व्हायचे असते, याचा अर्थ बरेच विद्यार्थी ‘कोणालाही न विचारता काम करणे’ असा लावतात. मार्गदर्शकांना महिनोन्महिने न भेटणे, प्रकरण पुरते घोटून झाल्याखेरीज न दाखवणे, अडलेले कोणापाशी न बोलणे, ही त्यांना स्वावलंबनाची लक्षणे वाटतात. माझ्या मते हा निव्वळ एकटेपणा आहे. स्वातंत्र्य ओळखायचे तर कशाचा पाठपुरावा करायचा आणि कशावर विश्वास ठेवायचा, हे कोण ठरवते ते पाहावे लागते.

जोसेलिन बेल १९६७ मध्ये केंब्रिजला पीएच.डी. करत होत्या. रेडिओ दुर्बीण गटाने मिळून उभारलेली आणि प्रकल्प मार्गदर्शक अँटनी ह्युइश यांचा, त्यामुळे त्यांचे काम एकटीचे मुळीच नव्हते. दुर्बिणीतून रोज सुमारे ३० मीटर कागदी आलेख निघे आणि तो डोळ्यांनी तपासणे त्यांच्याकडे होते. त्यात त्यांना एक बारीकशी खरड दिसली, जी क्वेसारच्या (अतिदूरच्या, अतितेजस्वी दीर्घिका-केंद्राच्या) नोंदीसारखीही नव्हती आणि मानवनिर्मित व्यत्ययासारखीही नव्हती. आकाशाच्या त्याच भागातून ती पुन्हा आलेली पाहून त्यांनी तिचा पिच्छा धरला. नोव्हेंबरअखेर कागद वेगाने फिरवून नोंद घेतल्यावर सुमारे १.३३ सेकंदांच्या अंतराने येणारे स्पंद उमटले. हे मानवनिर्मितच असणार, असे ह्युइश यांना प्रथम वाटले, पण दुसऱ्या दिवशी ते स्वतः येऊन पाहून गेले. तो शोधला गेलेला पहिला पल्सार, म्हणजे ठरावीक अंतराने रेडिओ स्पंद पाठवणारा, वेगाने फिरणारा मृत तारा होता. (प्रबंधात त्याला जागा मिळाली ती परिशिष्टात.)

अँड्र्यू वाइल्स यांचे उदाहरण उलटे वाटेल, कारण फर्माच्या शेवटच्या प्रमेयावर, म्हणजे शतकानुशतके सिद्ध न झालेल्या गणितातल्या एका विधानावर, त्यांनी सुमारे ७ वर्षे जवळजवळ गुप्तपणे काम केले. मात्र १९९३ मध्ये मांडलेल्या सिद्धतेत त्रुटी निघाली, आणि ती १९९४ मध्ये भरून काढताना त्यांच्या सोबत होते त्यांचेच माजी पीएच.डी. विद्यार्थी रिचर्ड टेलर. शिवाय वाइल्स तेव्हा नावाजलेले गणितज्ञ होते. नवख्याने त्यांचा कित्ता गिरवणे धोक्याचे.

विद्यार्थी स्वातंत्र्य आणि एकटेपणा यांपैकी कोणत्या वाटेवर आहे, हे मार्गदर्शकांच्या भेटीत कळते. पहिल्या वर्षी ‘आता पुढे काय करू?’ हा प्रश्न स्वाभाविक असतो. पुढे त्याची जागा ‘दोन पद्धतींपैकी ही निवडली आहे, कारणे अशी आहेत, यात कुठे चुकते आहे?’ या प्रश्नाने घेतली, तर भेटी पूर्वीइतक्याच होत असल्या तरी निर्णय विद्यार्थ्याकडे आलेला असतो. एकटा पडलेला विद्यार्थी यांतले काहीच विचारत नाही, आणि त्याच्या पद्धतीतली चूक बहुधा मौखिक परीक्षेत बाहेरचे परीक्षक दाखवतात.