एरोबॅटिक मॉडेल विमानाचं ट्रिमिंग : पार्श्वभूमी

१८७१ साली पॅरिसच्या त्युइलेरी बागेत अल्फोन्स पेनो यांनी रबराच्या पिळावर चालणारं छोटं विमान सुमारे ४० मीटर उडवून दाखवलं. एकदा हातातून सुटलं की त्याला सावरणारं कोणी नव्हतं, म्हणून सावरण्याची सोय बांधणीतच होती. पंखांची टोकं वर वळवलेली, आणि शेपटीचा आडवा पंख मुख्य पंखापेक्षा कमी कोनात बसवलेला. नाक खाली जाऊन वेग वाढला की शेपूट दाबली जायची आणि विमान आपणच नाक उचलायचं. पुढे कित्येक दशकं मॉडेल विमानाचं ट्रिमिंग, म्हणजे ते हवं तसं उडावं म्हणून केलेली जुळणी, याचा अर्थ हा आपोआप सावरण्याचा गुण नेमका जुळवणं, एवढंच होतं.

एरोबॅटिक्सला, म्हणजे हवेतल्या कसरतींना, हाच गुण नडतो. असं विमान उलटं केलं की ते त्याच सवयीने जमिनीकडे वळतं, आणि पायलटला एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारं शेपटीवरचं पान) सतत दाबून धरावा लागतो. आजचं ट्रिमिंग समजून घ्यायचं तर हा विरोध आधी लक्षात घ्यायला हवा. एरोबॅटिक विमानाने स्वतःहून काहीच करू नये; ज्या दिशेला लावलं त्या दिशेला, सरळ असो वा उलटं, जात राहावं.

हा बदल एका झटक्यात झाला नाही. अमेरिकेतल्या वॉल्टर आणि विल्यम गुड या भावांचं १९३७चं ‘गफ’ हे मुळात मुक्त उड्डाणाच्या, म्हणजे सोडल्यावर आपलं आपण उडण्याच्या, धाटणीचंच विमान होतं. रेडिओ त्याला फक्त अधूनमधून वळवायचा. १९५०च्या दशकात रीड पद्धतीचे रेडिओ संच आले. ट्रान्समीटरवरची कळ दाबली की एलेरॉन (विमान कुशीवर कलवणारं पंखावरचं पान) थेट टोकापर्यंत जायचा, सोडली की मध्यावर परत. अधलंमधलं काही नाही. पायलट कळ टकटक दाबून वळण घडवायचे, आणि या दोन टिचक्यांच्या मधल्या क्षणी विमान सरळ राहील याची जबाबदारी बांधणीवर असायची. १९६० साली स्वित्झर्लंडमध्ये पहिली जागतिक एरोबॅटिक स्पर्धा झाली, ती याच रीडच्या काळात. त्या पायलटांच्या बोटांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

१९६०च्या दशकात प्रपोर्शनल संच आले आणि ट्रान्समीटरवरची काडी जितकी हलवाल तितकंच नियंत्रण हलू लागलं. आता बांधणीतला आधार काढून घेता येत होता. सिमेट्रिकल छेदाचे, म्हणजे वर-खाली सारखाच फुगवटा असलेले, पंख रुळले. पंख, शेपूट आणि इंजिन यांचे कोन शून्याजवळ आले. १९६७ची जागतिक स्पर्धा फिल क्राफ्ट यांनी ‘क्विक-फ्लाय’वर जिंकली, १९७७ची हानो प्रेटनर यांनी ‘क्युरारे’वर. ‘क्युरारे’चं शेपटीचं आडवं पान खाली झुकवलेलं होतं. रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारं शेपटीचं पान) दिल्यावर वरच्या उभ्या पानामुळे आणि पंखांच्या टोकाकडच्या चढामुळे जो नको असलेला रोल (लांबीच्या आसाभोवतीची गिरकी) येतो, त्याला अशी शेपूट उतारा देते.

१९८०च्या दशकाच्या मध्यात स्पर्धांमध्ये टर्नअराउंड पद्धत आली. आधी दोन कसरतींच्या मध्ये विमान वळवून पुन्हा रांगेत आणायला उसंत मिळे. आता वळणाच्या जागीही कसरतच आली, आणि चूक लपवायला जागा उरली नाही.

ट्रिमच्या चाचण्यांचा ठरलेला क्रम अशाच गरजेतून पक्का होत गेला. त्यातली एक जवळून पाहू. विमान ४५ अंशांत चढवायचं, अर्धा रोल देऊन उलटं करायचं आणि एलिव्हेटरची काडी मोकळी सोडायची. रेषा झपाट्याने जमिनीकडे वाकली तर नाक जड आहे. आकाशाकडे वळली तर शेपूट जड. बॅटरी सेंटिमीटरभर सरकवायची आणि पुन्हा उडवायचं. गुरुत्वमध्य ठरल्याशिवाय पुढच्या कोणत्याही चाचणीला अर्थ नाही, कारण तो हलला की एलिव्हेटरचा ट्रिम (काडी सोडल्यावर तो जिथे थांबतो ती जागा) हलतो आणि पंखाच्या कोनाचा हिशेबही बदलतो. मग इंजिन बंद ठेवून सरळ खाली येताना विमान कॅनॉपीकडे (पायलटच्या काचेच्या, म्हणजे पाठीच्या बाजूला) ओढतं का, हे बघायचं. सरळ उड्डाण सांभाळण्यासाठी वर ठेवलेला एलिव्हेटर तिथे उघडा पडतो. दुरुस्ती पंखाच्या कोनात करायची असते. उभ्या चढाईत डावीकडे भटकलं तर मोटरला उजवा कल वाढवायचा. लूपमध्ये (उभ्या वर्तुळात) एक पंख सारखा खाली राहिला तर हलक्या पंखाच्या टोकाला थोडं वजन.

१९८०च्याच दशकात संगणकी ट्रान्समीटरही आले. नाइफ-एजमध्ये (पंख उभे ठेवून कुशीवर उडताना) रडरसोबत एलिव्हेटर किंवा एलेरॉन आपोआप मिसळता येऊ लागला. सोय मोठी, पण माझ्या मते ती शेवटची पायरी आहे. असा मिक्स (मिसळ) एका वेगाला जुळवला की दुसऱ्या वेगाला तो कमी-जास्त पडतो; पंखाचा कोन दुरुस्त केला तर तो सगळीकडे दुरुस्त राहतो.

एफ-३-ए या रेडिओ-नियंत्रित एरोबॅटिक मॉडेलांच्या जागतिक स्पर्धा-वर्गात २ मीटर लांबी, २ मीटर पंखविस्तार आणि ५ किलो वजन या मर्यादेत विमानं उंच पोटाची होत गेली, म्हणजे नाइफ-एजमध्ये धडच पंखाचं काम करतं. नंतर एकाच आसावर उलटसुलट फिरणारे दोन प्रोपेलर आले आणि मोटरचा उजवा कल जवळजवळ संपला. इलेक्ट्रिक मोटरने आणखी एक जुनी अडचण मिटवली : इंधनाची टाकी रिकामी होताना गुरुत्वमध्य सरकत जायचा. बॅटरीचं वजन उड्डाणभर तेच राहतं, त्यामुळे पहिल्या कसरतीला लावलेला ट्रिम शेवटच्या कसरतीलाही लागू पडतो.