घेतलेलं कनेक्शन परत कोण करतं?

संकेतस्थळ सकाळी व्यवस्थित चालतं, दुपारपर्यंत जड होतं आणि मग एकदम ठप्प. कुणीतरी सर्व्हर रीस्टार्ट करतं, सगळं सुरळीत होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. या दुखण्यामागे बऱ्याचदा कनेक्शन लीक असतं, म्हणजे डेटाबेसचं घेतलेलं कनेक्शन परत न करणं.

डेटाबेसशी नवं कनेक्शन जोडणं स्वस्त नसतं. नेटवर्कवर हस्तांदोलन, ओळख पटवणं आणि डेटाबेस पोस्टग्रेस असेल तर प्रत्येक कनेक्शनसाठी ऑपरेटिंग सिस्टिमची एक वेगळी प्रोसेस. म्हणून अॅप्लिकेशन काही कनेक्शनं जोडून तयार ठेवतं. हा पूल. विनंती आली की त्यातलं एक घ्यायचं आणि काम झालं की परत ठेवायचं, वाचनालयातल्या पुस्तकासारखं. पूल लहानच असतो. जावामध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या हिकारीसीपी या पूल सांभाळणाऱ्या लायब्ररीत मुळात १० कनेक्शनं असतात. ती सगळी बाहेर गेली की पुढची विनंती ३० सेकंद वाट बघते आणि एरर देऊन मोकळी होते.

एवढा लहान पूल पुरतो कसा? जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला रांगांचा नियम इथे कामी येतो: येण्याचा वेग गुणिले प्रत्येकाला लागणारा वेळ, म्हणजे एका वेळी सरासरी आत असलेल्यांची संख्या. सेकंदाला २०० विनंत्या येतात आणि प्रत्येक विनंती कनेक्शन ०.०२ सेकंद धरते असं समजू. दोन्हींचा गुणाकार ४, म्हणजे सरासरी चारच कनेक्शनं वापरात. दहा भरपूर झाली. आता समजा, दर दहा हजारांतली एकच विनंती कनेक्शन परत करायला विसरते. दहा हजार विनंत्या ५० सेकंदांत येतात, म्हणजे ५०० सेकंदांत, साडेआठ मिनिटांच्या आत, अख्खा पूल गायब. टेस्टिंगमध्ये शंभर वेळा क्लिक करून हा दोष कधीच दिसणार नाही.

आणि ती दहा हजारांतली एक विनंती जवळजवळ नेहमी आडवाटेची असते. कोड असा असतो: कनेक्शन घ्या, ऑर्डर शोधा, ऑर्डर सापडली नाही तर 'सापडली नाही' असं उत्तर देऊन परत फिरा, सापडली तर हिशोब करा, शेवटी कनेक्शन बंद करा. वाचताना सगळं बरोबर वाटतं. पण ऑर्डर सापडली नाही तर शेवटची ओळ चालतच नाही. मधे एक्सेप्शन आलं तरी तेच. सरळ वाटेवर कोड निर्दोष असतो, म्हणून रिव्ह्यूमध्येही तो सुटतो.

मला या दोषातली सगळ्यात फसवी गोष्ट वाटते ती ही, की एरर लॉगमध्ये नाव दुसऱ्याचंच येतं. पूल रिकामा झाल्यावर जो कनेक्शन मागायला येतो, त्याचा टाइमआउट होतो. तो बिचारा निर्दोष असतो. त्याची क्वेरी सुधारत बसणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. पूल मोठा करणं हाही उपाय नव्हे. दहाचे शंभर केले तर ठप्प होणं दहापट लांबतं, एवढंच. शिवाय एकूण कनेक्शनांची मूळ मर्यादा पोस्टग्रेसमध्ये १०० आणि मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये १५१ असते, त्यामुळे त्याच डेटाबेसवरची दुसरी अॅप्लिकेशनंही अडकू शकतात. रीस्टार्टने प्रोसेस संपते, तिची कनेक्शनं सुटतात आणि त्याबरोबर पुरावाही जातो. म्हणून रीस्टार्टच्या आधी दोन मिनिटं काढून परिस्थिती नोंदवून ठेवायलाच हवी.

काय नोंदवायचं? आधी, वापरातल्या कनेक्शनांचा आलेख. गर्दीमुळे चढलेली रेघ गर्दी ओसरल्यावर उतरते. लीक असेल तर ती पायऱ्या चढत राहते, रात्रीच्या शांततेतही खाली येत नाही. अॅप अडकलंय, पण डेटाबेसचा सीपीयू निवांत आहे, ही जोडी दिसली तर संशय बळावतो. मग पोस्टग्रेसचं पीजी_स्टॅट_अॅक्टिव्हिटी, म्हणजे सध्याच्या कनेक्शनांची यादी, बघावं. रिकाम्या बसलेल्या कनेक्शनवर शेवटची कुठली क्वेरी चालली हे तिथे दिसतं. नुसतं 'आयडल' (रिकामं) असणं गुन्हा नाही, पूलमधली कनेक्शनं आयडलच असतात. पण कुणी तासभर 'आयडल इन ट्रान्झॅक्शन', म्हणजे सुरू केलेला व्यवहार अर्धवट ठेवून रिकामं बसलेलं असेल तर तिथे थांबून बघा. असं कनेक्शन लॉक धरून बसू शकतं आणि व्हॅक्यूमच्या, म्हणजे पोस्टग्रेस जुन्या निरुपयोगी ओळी काढून टाकतं त्या, साफसफाईतही अडथळा आणू शकतं.

नेमका आरोपी मात्र लीक डिटेक्शन पकडून देतं. हिकारीसीपीत ही सोय मुळात बंद असते. ती चालू केली की कनेक्शन घेताना कोडची नेमकी जागा टिपली जाते आणि ठरलेल्या वेळेत ते परत आलं नाही तर ती जागा लॉगमध्ये छापली जाते. वेळ तुमच्या सगळ्यात लांबलेल्या खऱ्या कामापेक्षा जास्त ठेवा, नाहीतर मोठा रिपोर्टही लीक ठरेल. आणि बाहेरच्या सेवेच्या उत्तराची वाट बघताना कनेक्शन धरून ठेवणं हे लीक नसलं तरी लक्षणं तीच देतं: ०.०२ च्या जागी २ सेकंद धरलं की चारऐवजी ४०० कनेक्शनं लागतात.

दुरुस्तीत माणसाच्या आठवणीवर विसंबू नये. जावात २०११ पासून, म्हणजे सातव्या आवृत्तीपासून, ट्राय-विथ-रिसोर्सेस आहे. पायथॉनमध्ये विथ, गो मध्ये डिफर. बाहेर पडण्याची वाट कुठलीही असो, बंद करण्याचं काम होतंच. पण आपल्या लायब्ररीची कागदपत्रं वाचा. पायथॉनमधून पोस्टग्रेसशी जोडणाऱ्या सायकॉपीजी२ मध्ये कनेक्शनवर विथ लावलं तर ट्रान्झॅक्शन संपतं, कनेक्शन उघडंच राहतं. गो मध्ये क्वेरीच्या ओळी अर्ध्यावर वाचून सोडल्या आणि क्लोज केलं नाही, तर कनेक्शन त्यांच्याबरोबर अडकून पडतं.

दुरुस्त झालं का, हे तपासायला मोठा लोड टेस्ट लागत नाही. टेस्टमध्ये पूलचा आकार १ ठेवा, टाइमआउट एखाद-दोन सेकंदांवर आणा आणि मुद्दाम चुकीच्या विनंत्या पाठवा: नसलेली ऑर्डर, तुटका डेटा, मधेच फेकलेलं एक्सेप्शन. कुठे गळती उरली असेल तर त्यानंतरची पहिलीच विनंती अडकते.