भराव (रस्ते व पूल बांधणी)

रस्ता, लोहमार्ग किंवा पुलाचा पोहोच रस्ता आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंचावरून नेण्यासाठी माती-मुरमाचे थर दाबून केलेला बांध म्हणजे भराव. उद्घाटन पुलाचे होते, फोटो पुलाचा छापला जातो. पण नदीकाठच्या मुलखात रस्ता पावसाळ्यात किती दिवस चालू राहणार आणि पुराचे पाणी कोणाच्या दारात थांबणार, हे पुष्कळदा त्याच्या दोन्ही अंगांचा भराव ठरवतो. कोल्हापूर परिसरात हा शब्द अभियंत्यांपुरता राहिलेला नाही. ग्रामसभा, रास्ता रोको आणि वर्तमानपत्रांचे मथळे यांतही तो रुळला आहे, आणि बहुधा तक्रारीच्या सुरातच.

याचे कारण नदीत आहे. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती (पाचवी सरस्वती गुप्त मानतात) यांचे पाणी घेऊन पंचगंगा प्रयाग चिखलीहून शहराच्या उत्तरेकडून वळसा घालत जाते आणि नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. उगमाकडे सह्याद्रीचा धुवाधार पाऊस, तर शहरापासून खाली सपाट, काळ्या मातीची मळी, म्हणजे नदीकाठची गाळाची जमीन. त्यात कृष्णाही फुगलेली असली तर पंचगंगेचे पाणी पुढे सरकत नाही, आडवे पसरते. कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. एवढे पाणी पात्रात मावत नाही. ते शिवारातून वाहते, आणि त्या शिवारात आडवे पडलेले असतात ते रस्ते.

पुलाखाली पाण्याला मिळणाऱ्या मोकळ्या रुंदीला जलमार्ग म्हणतात. पूल पात्रापुरता बांधून बाकीचा पूरपट्टा भरावाने ओलांडला की खर्च वाचतो, कारण खांबांवरचा रस्ता भरावापेक्षा कित्येक पट महाग पडतो. पण एरवी पाव-अर्धा मैल रुंदीत पसरून जाणारे पाणी मग पुलाच्या तोंडाशी गोळा होते. वरच्या अंगाला पातळी चढते. तिला फुगवटा म्हणतात. शब्द धरणांमुळे सगळ्यांना माहीत आहे; अलमट्टीच्या फुगवट्यावरून दोन राज्यांत वर्षानुवर्षे वाद चालू आहे. भरावाचा फुगवटा त्याच्या तुलनेत लहान. पण तो अलमट्टीसारखा दूर कर्नाटकात नाही, गावाच्या वेशीवर असतो, आणि सपाट मळीत अर्धा फूट पाणी म्हणजे घरांची एक अख्खी ओळ. पुलाच्या तोंडाशी कोंडलेल्या पाण्याचा वेगही वाढतो आणि ते खांबांच्या पायाशी माती उकरते. भरावाखालून ठिकठिकाणी मोऱ्या ठेवल्या जातात खऱ्या, पण मोरी बहुधा ओढ्याच्या हिशेबाने काढलेली असते, पुराच्या नव्हे. पूर गाळ आणि उसाचे पाचट घेऊन येतो आणि तिचे तोंड पहिल्याच दिवशी बुजवतो.

पुणे-बेंगळुरू महामार्ग (आताचा राष्ट्रीय महामार्ग ४८, पूर्वीचा ४) शिरोलीजवळ पंचगंगा ओलांडतो. तिथला रस्ता भरावावर असूनही २०१९ च्या ऑगस्टमध्ये तो पाण्याखाली गेला आणि जवळपास आठवडाभर बंद राहिला. दोन्ही बाजूंना ट्रकच्या रांगा लागल्या, शहरात पेट्रोल आणि दुधाची टंचाई झाली. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा तेच. इथे भरावाचा पेच उघडा पडतो. भराव आहे तेवढाच ठेवला तर महामार्ग बुडतो, आणखी चढवला तर महामार्ग वाचतो पण वरच्या अंगाच्या गावांत पाणी तुंबते. म्हणूनच या टप्प्यात मातीऐवजी खांबांवर रस्ता न्यावा, ही मागणी सहापदरीकरणाच्या निमित्ताने जोर धरून आहे. भरावाचा खर्च कमी दिसतो याचे एक कारण असे की पुराचे नुकसान त्या अंदाजपत्रकात कुठेच धरलेले नसते.

पश्चिमेच्या पन्हाळा-रत्नागिरी रस्त्याची गोष्ट याहून जुनी आहे. आंबेवाडी, चिखली, केर्ली या पट्ट्यात ‘रेडेडोह फुटला’ अशी बातमी आली की कोल्हापूरकर समजतो, पाणी रस्ता ओलांडून पलीकडच्या शिवारात शिरले आणि पन्हाळ्याची वाट बंद झाली. डोह फुटला की शहराकडची पातळी थोडी थबकते, असा जुन्या माणसांचा अंदाज. म्हणजे रस्ता बुडणे ही तिथे नुसती आपत्ती नव्हती, पाण्याला दिलेली वाटही होती. रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या (१६६) चौपदरीकरणात याच पट्ट्यात भराव किती उंच आणि मोऱ्या किती, यावरून लोक हटून बसतात ते याच अनुभवावर.

भराव घालण्याचे काम दिसायला सोपे आहे: डंपर ओततो, ग्रेडर पसरतो, टँकर पाणी मारतो, व्हायब्रो रोलर दाबतो. खरी कसोटी पाण्याच्या प्रमाणाची असते. माती कोरडी असेल तर कण सरकत नाहीत, फार ओली असेल तर पाणीच जागा अडवते. मधल्या एका ठरावीक ओलाव्यालाच ती सर्वांत घट्ट बसते. थर साधारण २० ते २५ सेंमीचा. प्रयोगशाळेत मिळालेल्या कमाल घनतेच्या ९५ टक्के, आणि फरसबंदीखालच्या वरच्या अर्ध्या मीटरमध्ये ९७ टक्के घनता मिळाल्याशिवाय पुढचा थर टाकायचा नाही, असा दंडक. ती तपासण्याची रीत पाहण्यासारखी आहे. दाबलेल्या थरात छिन्नीने वाडग्याएवढा खड्डा खणतात, निघालेली माती कण न सांडता पिशवीत भरून तोलतात, मग एका नळकांड्यातून कोरडी, एकसारखी वाळू त्या खड्ड्यात सोडतात. किती वाळू लागली यावरून खड्ड्याचे आकारमान कळते आणि त्यावरून मातीची घनता. करोडोंच्या कामाचा निवाडा असा मूठभर वाळूवर होतो. शेजारून डंपर धडधडत गेला तर हादऱ्याने वाळू जास्त बसते आणि आकडा चुकतो, म्हणून जाणता माणूस आधी वाहने थांबवतो.

नदीकाठची काळी माती भरावाला चालत नाही. पावसात फुगते, उन्हात भेगाळते, आणि वरचा डांबरी थर तिच्याबरोबर हलतो. म्हणून मुरूम आणावा लागतो, आणि मुरूम येतो टेकड्या खणून. शहरात जागा अपुरी असते तिथे उतार न देता काँक्रीटच्या पडद्या उभ्या करून आत पट्ट्या किंवा जाळी अंथरलेला भराव करतात; साइटवर त्याला ‘आरई वॉल’ एवढेच म्हणतात. उघड्या भरावाच्या उतारावर पाणी येणार असेल तर दगडी पिचिंग, म्हणजे बसवलेल्या दगडांचे अस्तर, हवेच.

भराव पूर चढताना घसरत नाही, घसरतो तो पूर उतरताना. चार दिवस पाण्यात उभ्या असलेल्या भरावाच्या पोटात पाणी भरलेले असते. बाहेरचे पाणी झपाट्याने ओसरते, आतले तेवढ्या वेगाने निघत नाही. बाहेरचा आधार गेला, आतला दाब राहिला, की उताराचा तुकडा सुटतो. पाणी उतरताच अधीर वाहनचालकांना पोलीस रस्त्यावर सोडत नाहीत, त्याला हेही एक कारण आहे. पुलावर चढताना बसणारा ओळखीचा दणकाही भरावाचाच: पूल खडकावर टेकलेला, तो हलत नाही, शेजारची माती वर्षानुवर्षे थोडी थोडी खचते. सांध्यावर काँक्रीटची ॲप्रोच स्लॅब घालतात ती हा दणका पसरवण्यासाठी. तो नाहीसा मात्र क्वचितच होतो.

पूल कधी कधी भरावाशिवायही अडतो. शहराच्या वेशीवरच्या दगडी कमानींच्या शिवाजी पुलाला जोडून पर्यायी पुलाचे काम बरेच पुढे गेले होते. पण शेजारची ब्रह्मपुरी टेकडी संरक्षित स्मारक. २०१० च्या कायदादुरुस्तीने अशा स्मारकापासून १०० मीटरांत नवे बांधकाम करता येत नाही, आणि काम वर्षानुवर्षे अर्धवट राहिले. २६ जानेवारी २०१८ च्या रात्री जुन्या पुलाचा कठडा तोडून मिनीबस नदीत कोसळली, १३ जण गेले. पुढे पर्यायी पूल पूर्ण होऊन वाहतूक त्यावरून सुरू झाली.

या मुलखाला भरावाखेरीज दुसरी रीतही माहीत आहे. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात दगडी खांबांमध्ये बरगे (काढता-घालता येणाऱ्या फळ्या) बसवून उन्हाळ्यासाठी पाणी अडवतात, पावसाळ्याआधी बरगे काढून नदी मोकळी करतात, आणि माथ्यावरून बैलगाडी, आता ट्रॅक्टर आणि दुचाकी, जातात. फरशी पूलही तसाच, बुडण्यासाठीच बांधलेला. दोन्ही आधीच हार मानून बांधलेले असतात, त्यामुळे पूर त्यांचे फारसे बिघडवत नाही. महामार्गाला अर्थात ही मुभा नाही. जुलैत ‘इतके बंधारे पाण्याखाली’ ही बातमी आली की पुढचा क्रम लोकांना पाठ असतो: आधी फरशी पूल, मग गगनबावडा रस्त्यावर मांडुकली, मग शिये-बावडा, मग केर्ली, आणि सर्वांत शेवटी शिरोलीचा महामार्ग.